पाहुण्यास प्रथम काय विचारावे? (प्रवासी-माहितीकेंद्रांविषयी एक पाठ)

परगावचा मनुष्य आपल्या गावी आला असता त्याला वाट दाखविणे हा सर्व देशांत साधा शिष्टाचार समजला जातो. पूर्वी हे काम धर्मशाळेचा रखवालदार, देवळाचा पुजारी, गावचा पाटील किंवा नाक्यावरचा दुकानदार करीत असे. पुढे आगगाड्या झाल्या, सुटीत प्रवास करण्याची चाल पडली, आणि हे काम एका निराळ्या संस्थेकडे आले. फ्रान्समधील ग्रनोबल शहराच्या नागरिकांनी १८८९ साली एकत्र जमून आपल्या डोंगराळ मुलखाची माहिती प्रवाशांस देण्याकरिता एक मंडळ स्थापिले. त्या देशातील अशा मंडळांचा आरंभ तेथूनच झाला असे मानतात. पुढे ही कल्पना देशोदेशी पसरली. आपल्याकडे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झाले. आज मोठ्या स्टेशनांवर, विमानतळांवर व प्रसिद्ध स्थळांच्या दाराशी जी प्रवासी-माहितीकेंद्रे दिसतात, त्यांचा उगम हा असा आहे.

अशा केंद्राची मांडणी बहुधा ठरलेली असते. एक मेज, मागे भिंतीवर मोठा नकाशा, पुढे रंगीत पत्रकांचा गठ्ठा आणि एक कारकून. प्रवासी येतो व येथे पाहण्यासारखे काय आहे असे विचारतो. कारकून पत्रक हाती देतो. पत्रकात दहा स्थळांची नावे असतात. प्रवासी त्यांतील दोन-तीन पाहून सायंकाळच्या गाडीने परत जातो. ह्या व्यवहारात कोणाचाही दोष दाखविता येणार नाही. तरी त्यात एक उणीव आहे, आणि तीच ह्या पाठाचा विषय होय. प्रवाशाने प्रश्न विचारला, परंतु प्रवाशाला कोणीच काही विचारले नाही. तो कोण, त्याला कशाची गोडी, त्याच्यापाशी वेळ किती, तो काय खातो व काय खात नाही, हे न जाणताच त्याला उत्तर मिळाले.

हल्ली तर ते पत्रकही कोणास लागेनासे झाले आहे. स्थळांची नावे, अंतरे, वेळा आणि छायाचित्रे ही सर्व प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर सापडतात. २०२४ साली स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने आपली सर्व माहितीकेंद्रे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लोक घरून निघण्यापूर्वीच सारी चौकशी करून येतात, हे त्यामागील कारण होते. मग असा प्रश्न सहजच उभा राहतो की, अशी केंद्रे ह्यापुढे ठेवावीत तरी कशाला?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. केवळ स्थळांची यादी देणारे केंद्र बंद पडले तरी कोणाचे फारसे नुकसान नाही. परंतु पाहुण्याची आवड विचारून घेणारे, आणि त्या आवडीची सांगड गावच्या अन्नाशी, म्हणजेच ते अन्न पिकविणाऱ्या व रांधणाऱ्या माणसांशी घालून देणारे केंद्र आपल्या वसईसारख्या प्रदेशास आज फारच उपयोगी पडेल. हे कसे, ते आता क्रमाने पाहू.

१. यादीतील वसई

वसईविषयी पत्रक लिहावयाचे झाल्यास त्यात काय घालाल, असे वर्गात विचारले असता उत्तरे झरझर येतात: किल्ला, समुद्रकिनारा, जीवदानी, अर्नाळा. ही उत्तरे बरोबरच आहेत. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतर दोन शतके हे नगर त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचे मुख्य ठाणे होते. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने ते जिंकले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला, तो वसईचा तह म्हणूनच इतिहासात प्रसिद्ध आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे १५९७ साली जपानातील नागासाकी येथे हुतात्मा झाले व १८६२ साली त्यांना संतपद देण्यात आले.

किल्ल्याहूनही सोपाऱ्याचा इतिहास पुष्कळ प्राचीन आहे. शूर्पारक नावाने हे बंदर महाभारतात येते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनातही त्याचा उल्लेख आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकरला, आणि त्यात सापडलेले अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपाशी ठेवण्यात आले. सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडेही ह्याच परिसरात मिळाले आहेत. ह्यांखेरीज विरारची जीवदानी, समुद्रातील अर्नाळ्याचा किल्ला आणि पूर्वेकडील तुंगारेश्वराचे अभयारण्य आहेच.

ही माहिती प्रत्येक विद्यार्थ्यास असावी. परंतु यादी हाती घेऊन आलेला पाहुणा येथे काय करतो, ते पाहा. तो किल्ल्यातील छप्पर नसलेल्या चर्चच्या भिंतींपुढे उभा राहून छायाचित्र काढतो, बरोबर आणलेल्या बाटलीतील पाणी पितो, पुडीतील तळलेले बटाटे खातो आणि निघून जातो. ती बाटली व ती पुडी दोन्ही दूरच्या कारखान्यातून आलेली असतात. ज्या वाडीच्या कुंपणावरून तो गेला त्या वाडीतील शेतकऱ्यास, किंवा ज्या कोळीवाड्याजवळून गेला तेथील कोळणीस, तो आला होता हे कळतही नाही. त्याने वसई पाहिली, पण वसईच्या एकाही माणसाशी त्याचे बोलणे झाले नाही.

२. चार प्रश्न

आता अशी कल्पना करा की, वसई रोड, नालासोपारा किंवा विरार स्टेशनाबाहेर एक लहानशी खोली आहे आणि तेथे बसलेली व्यक्ती पाहुण्यास पत्रक देण्यापूर्वी चार प्रश्न विचारते. आपल्यापाशी वेळ किती आहे? बरोबर कोण आहे? आपणांस कशाची गोडी आहे? आपण काय खाता, आणि काय वर्ज्य आहे? हे प्रश्न साधे आहेत. आपल्या घरी पाहुणा आला तर आपली आई हेच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारते. परंतु त्यांच्या उत्तरांप्रमाणे वसईच बदलत जाते.

समजा, नाशिककडील एक वृद्ध बाई मुलासुनांसह जीवदानीस आल्या आहेत. हजाराहून अधिक पायऱ्या चढून उतरल्यावर त्यांना आणखी एक किल्ला पाहण्याची हौस उरत नाही. त्यांना सावली, थंड पाणी आणि निरामिष जेवण पाहिजे. त्यांना आगाशीकडील एखाद्या केळीच्या वाडीत नेऊन बसविले, विहिरीवरचे गार पाणी दिले, तांदळाची भाकरी व वालाचे बिरडे वाढले आणि जाताना सुकेळ्यांचे एक पुडके विकत मिळाले, तर त्या विरार जन्मभर विसरणार नाहीत.

समजा, मुंबईचे एक कुटुंब दोन लहान मुलांसह केवळ समुद्रासाठी आले आहे. त्यांना प्रथम भरती-ओहोटीची वेळ आणि पाण्यात कोठे उतरू नये हे सांगावे. मग अर्नाळ्यास किंवा पाचूबंदरास होड्या केव्हा लागतात ते सांगावे. मासा ताटात येण्यापूर्वी कोठून येतो, डोल नावाचे जाळे कसे असते, बांबूंच्या मांडवावर बोंबील कसे वाळत घालतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले तर तो त्यांना भूगोलाचा उत्तम पाठ होईल.

समजा, कोणी उपासक सोपाऱ्याचा स्तूप पाहण्यास आला आहे. त्याला गर्दी नको आहे. त्याला शांतपणे बसावयाचे आहे. त्याला स्तूपाची हकिकत जाणणारा एखादा मनुष्य आणि दुपारचे साधे जेवण ह्यांपेक्षा अधिक काही नको. समुद्रकिनाऱ्यावरील करमणुकीचे पत्रक त्याच्या हाती देणे म्हणजे त्याचा वेळ दवडणे होय.

पाहुणे एकाच आगगाडीने आले तरी त्यांचे हेतू एक नसतात, आणि केंद्राचे पहिले काम हे हेतू ओळखणे आहे.

३. इतिहासाचे ताट

कोणी म्हणेल की, ज्याला इतिहासाची गोडी आहे त्याला किल्लाच दाखवावा. त्याला स्वयंपाकघराशी काय कर्तव्य? ह्या शंकेचे उत्तर आपल्या ताटातच आहे. मिरची ही मूळची अमेरिकेतील. पोर्तुगीज सोळाव्या शतकात ती आपल्या देशात घेऊन आले. त्यापूर्वी आपल्याकडील तिखटपणा मुख्यतः मिऱ्यांचा व आल्याचा होता. बटाटा, अननस, पपई, पेरू आणि काजू हीही त्याच वाटेने आली. बटाटा, अननस, काजू आणि पाव हे शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आले. चावी आणि पगार हेही त्यांचेच. म्हणजे किल्ला पडला, त्याचे मालक गेले, परंतु त्यांची शब्दसंपत्ती आपल्या जिभेवर व त्यांनी आणलेली रोपे आपल्या परसात राहिली.

वसईच्या ख्रिस्ती घरांतील इंदाळ हा पदार्थ घ्या. द्राक्षांची दारू किंवा सिरका व लसूण ह्यांत मांस मुरविण्याची जी पोर्तुगीज रीत, तिच्या नावावरून हे नाव आले. परंतु त्यात पडणारा मसाला सर्वस्वी आपला आहे. ईस्ट इंडियन घरांत उन्हाळ्यात बाटली मसाला करितात. दोन डझनांहून अधिक जिनसा निवडून, उन्हात वाळवून, प्रत्येक जिन्नस निराळा भाजून, मग एकत्र कुटावयाचा आणि गडद रंगाच्या काचेच्या बाटल्यांत दाबून भरावयाचा, म्हणून त्यास हे नाव. पावसाळ्यापूर्वी हे काम उरकावे लागते, आणि प्रमाण घराघराचे निराळे असते. तसेच लग्नकार्यात होणारे फुगे. आंबविलेल्या पिठाचे हे गोळे तळले असता फुग्याप्रमाणे टम्म होतात. ते इंदाळाबरोबर खाणाऱ्या पाहुण्यास, युरोपातील आंबविण्याची विद्या व कोकणातील नारळ एकाच पदार्थात कसे भेटले, हे कोणी सांगितले तर दुपारी पाहिलेला किल्ला त्याला अधिक चांगला समजेल.

हे केवळ ख्रिस्ती घरांचेच नव्हे. वाडवळांची उकडहंडी, कोळ्यांचे ताजे व सुके मासे, आगाशीचे भुजिंग, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी पोह्यांत कालवून केलेला पदार्थ, आणि पूर्वेकडील डोंगरपायथ्याच्या आदिवासी भगिनी पावसाळ्यात बाजारात आणतात त्या रानभाज्या, ह्या प्रत्येकामागे एका समाजाचा इतिहास आहे. सामवेदी, वाडवळ, ईस्ट इंडियन, कोळी, आगरी, भंडारी, वारली अशा अनेक समाजांनी हा प्रदेश घडविला. त्यांच्या बोली एकमेकींपासून इतक्या निराळ्या आहेत की, सामवेद्यांची कादोडी बोली मुंबईच्या मराठी माणसास सहसा उमगत नाही. परंतु जेवणाचे ताट समजण्यास दुभाष्या लागत नाही.

४. ऋतूंचा फळा

मोबाइल सर्व काही सांगतो, मग केंद्र कशाला, हा प्रश्न आपण वर टाकून ठेविला होता. त्याचे उत्तर आता देता येईल. मोबाइलवर तेच सापडते जे कोणीतरी पूर्वी लिहून ठेविले आहे. आज सकाळी होडीत काय आले, कोणत्या वाडीत केळी वाळत आहेत, कोणत्या घरी उद्या मसाला कुटणार आहेत, हे तेथे बहुधा नसते. ते गावातल्या माणसासच ठाऊक असते. म्हणून केंद्रात रंगीत पत्रकांऐवजी एक मोठा काळा फळा असावा, आणि त्यावर रोज खडूने लिहिले जावे.

जूनच्या आरंभी त्यावर शेवळांचे नाव येईल. ही रानभाजी पहिल्या पावसाबरोबर उगवते व थोड्याच दिवसांत संपते. ती घशास खाजते, म्हणून तिच्याबरोबर काकडाची आंबट फळे घालावी लागतात, आणि बाजारात विकणारी बाई बहुधा दोन्ही बरोबरच देते. ही एवढी गोष्ट ठाऊक नसलेला पाहुणा नुसती शेवळे घरी नेईल आणि पस्तावेल. मग टाकळा, कुर्डू व करटोली येतील. जून व जुलै ह्या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांस समुद्रात मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या पापलेटाची आशा दाखविणे खोटेपणाचे होईल, आणि सुक्या बोंबलाचे कालवण हेच त्या दिवसांचे खरे अन्न होय. नारळी पौर्णिमेनंतर कोळीवाडा पुन्हा गजबजतो. पावसाळा सरला की बोंबील वाळू लागतात आणि सुकेळ्यांचेही दिवस येतात. राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवितात तेव्हा सुकेळे तयार होते. आभाळ भरून आले तर मेहनत वाया जाते, म्हणून त्यास कोरडी हवा लागते. थंडीत उकडहंडी, उन्हाळ्यात बाटली मसाला व मिठागरांवरील पांढरे ढीग, असे हे वर्षाचे चक्र आहे.

ह्याच फळ्यावर वर्ज्य दिवसांचीही नोंद पाहिजे. उपवासकाळात ख्रिस्ती घरी मांसाची अपेक्षा करू नये. श्रावणात पुष्कळ हिंदू घरी मासे शिजत नाहीत. हे पाहुण्यास अगोदर सांगितले तर त्याचा विरस होत नाही, उलट त्या घराविषयी त्याच्या मनात आदर उत्पन्न होतो.

५. इतरांनी काय केले

ही कल्पना अगदीच अपूर्व आहे असे नाही. जपानात १९९३ पासून हमरस्त्यांवर मिची-नो-एकी, म्हणजे रस्त्यावरील स्टेशने, उभारण्यात आली. तेथे तीन कामे एकत्र होतात. वाटसरू गाडी थांबवून विसावा घेतो, त्याला रस्त्याची व मुलखाची माहिती मिळते, आणि आसपासचे लोक आपला माल व आपले पदार्थ तेथे विकतात. आज त्या देशात अशी हजाराहून अधिक स्टेशने आहेत. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, माहिती देणारे मेज व शेतकऱ्याच्या भाजीची टोपली ही दोन्ही एकाच छपराखाली आणली आहेत.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात बोर्डी येथे चिकू महोत्सव भरू लागला, आणि त्याच भागातील डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. एका फळाच्या निमित्ताने लोक त्या बाजूस वळले आणि चिकूबरोबर वारली चित्रे, ताडाची झाडे व तेथील समुद्रही पाहू लागले. महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्यामागील हेतूही शेतीबरोबर पाहुणचारातून शेतकऱ्यास चार पैसे मिळावेत हाच आहे.

६. काही आक्षेप

ह्यावर तीन आक्षेप घेतले जातील. त्यांचा विचार केल्यावाचून पुढे जाणे उचित नाही.

पहिला आक्षेप असा की, पाहुणचार विकावयाचा नसतो. हे म्हणणे उदात्त आहे, परंतु ते बहुधा ज्यांस चुलीपुढे बसावे लागत नाही अशांच्या तोंडी असते. ज्या बाईने पहाटे उठून भाकऱ्या थापल्या तिला तिच्या कष्टाचे मोल मिळणे ह्यात कमीपणा कोणता? दर अगोदर लिहून लावावा, तो सर्वांस सारखा असावा आणि पैसे तिच्याच हाती पडावेत, म्हणजे व्यवहारही स्वच्छ राहतो व पाहुणचारही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे घरगुती पदार्थ विकणाऱ्यासही नोंदणी करावी लागते. बचत गटांच्या भगिनींस ते कागद भरून देण्याचे काम केंद्राने अंगावर घ्यावे.

दुसरा आक्षेप असा की, ह्यायोगे लोकांची घरे प्राणिसंग्रहालयासारखी होतील. कोणीही यावे आणि कोणाच्याही ओसरीवर उभे राहून छायाचित्रे काढावीत, असे होईल. ही भीती मात्र खरी आहे. म्हणून ज्या घरांनी आपण होऊन नाव दिले असेल तीच घरे यादीत असावीत, किती पाहुणे व कोणत्या वारी घ्यावयाचे हे त्यांनीच ठरवावे, आणि विचारल्यावाचून कोणाचे, विशेषतः लाल लुगडे नेसलेल्या वृद्ध सामवेदी बायांचे, छायाचित्र घेऊ नये, हे पाहुण्यास पहिल्याच भेटीत सांगावे. चांगल्या केंद्रास नकारही देता आला पाहिजे. सुकेळी थोडीच होतात. ती संपली असता फळ्यावर ‘संपली’ असे लिहावे. दुसरीकडचा माल आणून वसईचा म्हणून विकू नये. एकदा विश्वास गेला की फळा असून नसून सारखाच.

तिसरा आक्षेप असा की, गर्दी वाढली तर कचरा वाढेल, वाहने वाढतील. त्याचे उत्तर हे की, गर्दी आजही येतच आहे. प्रश्न तिला कोठे व कशी न्यावी हा आहे. शंभर मनुष्ये एकाच किनाऱ्यावर लोटण्यापेक्षा ती दहा वाड्यांत, दोन कोळीवाड्यांत व एका स्तूपापाशी विभागली जाणे कोणासही अधिक सोयीचे. शिवाय केळीच्या पानावर जेवलेल्या मनुष्याच्या मागे प्लॅस्टिकचा ढीग राहत नाही.

७. हे आजच का करावे

विद्यार्थीमित्रहो, आता मुख्य मुद्दा. १८६७ साली विरारहून मुंबईस पहिली स्थानिक आगगाडी धावली. चर्चगेटपासून विरार सुमारे साठ किलोमीटरांवर आहे, आणि एवढे जवळ असणे हेच वसईचे भाग्य व हीच तिची कसोटी ठरली आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीत सुमारे सव्वाबारा लाख लोक मोजले गेले. येथे राहावयास आलेल्या कोणाचाही दोष काढण्याचे कारण नाही. प्रत्येकास घर हवेच. परंतु ज्या जमिनीवर इमारत होते त्या जमिनीवरील केळीची बाग जाते, आणि बागेबरोबर पुष्कळदा बावखलही बुजते.

बावखल म्हणजे काय, हे नव्या विद्यार्थ्यांसाठी सांगतो. वाडीमध्ये पावसाचे गोडे पाणी साठविण्याकरिता पूर्वजांनी खणलेले ते तळे. समुद्र इतका जवळ असता वसईच्या विहिरींचे पाणी गोड राहिले, त्यात ह्या बावखलांचा मोठा वाटा आहे. ह्याच पाण्यावर केळी, विड्याची पाने, फुले व भाज्या पिकल्या. १९८८ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या वतीने जी चळवळ उभारली, तिचा गाभा हे पाणी व ही हिरवळ वाचविणे हाच होता.

आता साखळी जोडून पाहा. बावखल बुजले तर विहीर खारी होईल. विहीर खारी झाली तर राजेळी केळ राहणार नाही. केळ राहिली नाही तर सुकेळे कशाचे करणार? आणि सुकेळे करणारी आजी गेल्यावर ते किती दिवस व कोणत्या उन्हात वाळवावे, हे ज्ञानही तिच्याबरोबर जाईल. किल्ला दगडाचा आहे. पुरातत्त्व खात्याचे त्यास संरक्षण आहे. सुकेळ्यास, बाटली मसाल्यास, शेवळांच्या भाजीस तसे संरक्षण देणारा कायदा नाही. त्यांना जपणारा एकच मार्ग आहे: ते करणाऱ्यास ते करीत राहणे परवडले पाहिजे. वाडीच्या मालकास वाडी ठेवण्याचे एक कारण अधिक मिळाले पाहिजे. केवळ पाहुण्यांच्या पैशाने वाड्या वाचतील असे मी म्हणत नाही. जमिनीच्या किमतीपुढे ती रक्कम लहानच राहणार. तथापि आपण जे पिकवितो व रांधतो ते पाहण्यास व चाखण्यास कोणी दुरून येतो, ह्या जाणिवेने पुढच्या पिढीच्या मनात त्या कामाविषयी जो मान उत्पन्न होतो, त्याची किंमत मोठी आहे. आपल्या डब्यातील सुक्या मासळीची लाज वाटून तो झाकून खाणारा मुलगा, परका मनुष्य त्याच मासळीसाठी आपल्या गावी येतो हे पाहून, डबा उघडा ठेवील.

म्हणून माहितीकेंद्राचे यश किती पत्रके वाटली ह्यावरून मोजू नये. पाहुण्याचा रुपया गावातील किती घरांत पोहोचला, किती पाहुणे दुसऱ्यांदा आले, आणि किती वाडीवाल्यांनी पुढील वर्षी पुन्हा नाव दिले, ह्यांवरून ते मोजावे.

असे केंद्र पालिकेने काढावे, बचत गटांनी चालवावे की दोघांनी मिळून, हा मोठ्यांचा विचार आहे. परंतु त्यासाठी लागणारी माहिती गोळा करणे हे तुमच्या हातचे काम आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. सुटीत पुढील अभ्यास करून आणावा.

स्वाध्याय

(१) आपल्या घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर व्यक्तीस विचारून एका जुन्या पदार्थाची कृती तिच्याच बोलीत लिहून काढा. प्रमाण, ऋतू व भांडे ह्यांची नोंद करा.

(२) आपल्या गावचा बारा महिन्यांचा अन्नाचा तक्ता तयार करा. कोणत्या महिन्यात काय पिकते, काय पकडले जाते, काय वाळविले जाते व काय वर्ज्य असते, हे त्यात दाखवा.

(३) आपल्या गावात किती बावखले आहेत व पूर्वी किती होती, हे वडीलधाऱ्यांस विचारून नकाशावर मांडा.

(४) बटाटा, अननस, काजू, पाव, चावी, पगार ह्यांखेरीज आपल्या बोलीत आलेले आणखी पाच पोर्तुगीज शब्द शोधा.

(५) पुढील पाहुण्यांपैकी एकासाठी पाच तासांचा कार्यक्रम आखा: इतिहासाचे शिक्षक, निरामिष आहार करणारे वृद्ध दांपत्य, पक्षी पाहणारा महाविद्यालयीन विद्यार्थी, लहान मुले असलेले कुटुंब. कार्यक्रमात एक तरी स्थानिक अन्नपदार्थ व तो करणाऱ्या माणसाची भेट असावी. ज्या घरी पाहुण्यास न्यावयाचे त्या घरच्या लोकांस प्रथम विचारून मगच त्यांचे नाव लिहावे.